किमान पात्रता

कम्प्युटर सुरू केला की निळी पाटी यायची. या यंत्रावरच्या विंडोज दहाला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, विंडोज अकरा घ्या, असं तिच्यावर लिहिलेलं असायचं. दर्यापूरच्या त्या शाळेचे वरिष्ठ लिपिक कुलदीप तायडे रोज सकाळी ती पाटी, चहावरची माशी हाकलावी तशी, एका बोटाने हाकलायचे आणि कामाला लागायचे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मात्र पाटी आली तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे दोन माणसं उभी होती. एक मुख्याध्यापिका सुभद्रा गावंडे मॅडम, ज्या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, आणि दुसरे संस्थेचे अध्यक्ष पुंजारामजी सावळे.

"काय म्हणते हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"काई नाही साहेब. दहा नंबर बंद झाला, अकरा टाका म्हणते."

"म्हणजे नवा कम्प्युटर घ्या लागते?"

पुंजारामजींच्या आवाजात काळजी होती. संस्थेच्या पैशाला ते स्वतःच्या पैशापेक्षा जपत, आणि स्वतःच्या पैशाला ते किती जपतात हे अख्ख्या दर्यापूरला माहीत होतं.

इथे तायडे बाबूंनी 'पाहून सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. पण शाळेत कम्प्युटरचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा त्यांनी भुवया कोरायच्या चिमट्याने अलगद ओढून काढला होता, तेव्हापासून ते नाव पडलं होतं आणि त्यांनी ते कधी पुसलं नव्हतं.

"कायले घ्या लागते?" ते म्हणाले. "यातच बसोतो मी अकरा. आजकाल काई जड नाही ते."

"पाह्यलं मॅडम?" अध्यक्ष खुलले. "माणूस असा पाह्यजे."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तायडे बाबूंनी दार लोटून घेतलं आणि नवी प्रणाली उतरवायला घेतली. तिने आधी यंत्राची तपासणी केली. थोडा वेळ एक गोल फिरला, मग लाल फुल्या उमटल्या. प्रोसेसर जुना. सुरक्षेची जी चिप लागते ती नाहीच. जागा अपुरी. खाली एक वाक्य होतं: हा संगणक किमान पात्रता पूर्ण करत नाही.

तायडे बाबूंना ते वाक्य ओळखीचं वाटलं. नोकरी लागण्याआधीच्या काळात त्यांना ते बऱ्याचदा पोस्टाने आलं होतं.

त्यांनी जुन्या फायली काढून जागा केली, कम्प्युटरचा डब्बा उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ झटकली, बंद करून पुन्हा सुरू केला. एक फुली गेली, बाकीच्या राहिल्या. जी चिप यंत्रात नाही ती धूळ झटकून कुठून येणार? दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगून टाकायचं असं ठरवून ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम चष्मा लावून काहीतरी लिहीत होत्या.

"बसा, बाबू. बरं झालं आले. हे आयका." त्यांनी कागद वर धरला. "माया निरोपाच्या अहवालातलं शेवटचं वाक्य हाय. 'शाळेचा कोणताही खर्च न करता कार्यालयाचा संगणक अद्ययावत करण्यात आला.' कसं वाटते?"

"चांगलं हाय," तायडे बाबू म्हणाले.

"साऱ्या नोकरीत जे केलं ते वर्गणी मागून केलं. हे एक काम कोणापुढं हात न पसरता झालं. अध्यक्षसाहेब तुमचा सत्कार करनार हायेत त्या दिवशी. फोटो बी त्याच कम्प्युटरवरून दाखवू." मॅडमनी चष्मा काढला. "तुमी काई सांगाले आले होते काय?"

"नाही," तायडे बाबू म्हणाले. "असाच आलो होतो."

बाहेर आल्यावर ते पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ उभे राहिले. तहान नव्हती, पण ऑफिसात जायची इच्छाही नव्हती. टाकीपाशीच त्यांना शकुनच्या कम्प्युटरची आठवण झाली.

शकुन म्हणजे त्यांची बायको. तायडे बाबू अमरावतीला राहत आणि रोज बसने दर्यापूरला येत. घरी पुढच्या खोलीत शकुन लग्नपत्रिका जुळवायचं काम करी. कोणाची 'शुभविवाह', कोणाची 'मंगल परिणय', वर गणपती किंवा वर बुद्ध-बाबासाहेब, ज्याचं जसं असेल तसं. मागच्या दिवाळीत तिने स्वतःच्या कमाईतून नवा कम्प्युटर घेतला होता. त्यावर अकरा नंबर दुकानातूनच बसवून आला होता. तो कार्यक्रमापुरता शाळेत नेऊन ठेवायचा, शाळेचा जुना घरी आणायचा, आणि नंतर हळूच पुन्हा अदलाबदल करायची. एकदा सत्कार झाला, मॅडम घरी गेल्या, की बिघाड व्हायला काय, कोणत्याही यंत्रात होतो.

शकुनला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे आपल्याला जमलं नाही हे सांगायचं. ते वाक्य तायडे बाबूंच्या तोंडून घरात कधी निघालं नव्हतं.

"तुया कम्प्युटर दोन-तीन दिवस द्या लागन," ते जेवताना म्हणाले.

"कायले?"

"सर्व्हिसिंगले. आत धूळ बसते. मंग उन्हाळ्यात गरम होऊन बंद पडला तं?"

"आत्ता हिवाळा हाय."

"म्हणूनच."

शकुनने त्यांच्याकडे पाहिलं. "लग्नसराईचे दिवस हायेत. काम कायच्यावर करू मी?"

"ओळखीच्या माणसाचा जुना हाय एक. आणून ठेवतो. तवरिक वापर त्याले."

शकुनने त्यांना आणखी भाजी वाढली. नवऱ्याने आपल्या वस्तूची काळजी केली असं फारदा घडत नसल्यामुळे तिला ते बरंच वाटलं असावं.

शाळेचा डब्बा घरी आला तो शनिवारच्या अर्ध्या शाळेनंतर, बसने आणि स्टँडपासून रिक्षाने. शकुनचा डब्बा दर्यापूरला गेला तो सोमवारच्या बसमध्ये, चादरीत गुंडाळून तायडे बाबूंच्या मांडीवर. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी भातकुली फाट्यापर्यंत धीर धरला.

"मूर्ती हाय का?"

"नाही. कम्प्युटर."

"बिघडला असन."

"नाही."

"नवा घेतला काय मंग?"

"नाही, घरचाच हाय."

म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला. "मंग याले फिरवून कायले आणून राहिले?"

तायडे बाबूंनी दर्यापूर येईपर्यंत खिडकीबाहेरची तूर पाहिली.

शाळेत सगळ्यात आधी विचारलं ते शिपाई नितेशने. त्याला ऑफिस झाडायचं असे, त्यामुळे प्रत्येक वस्तूचा रंग त्याला पाठ होता.

"बाबू, डब्बा काळा कसा काय झाला? आंधी पांढरा होता."

"सिस्टीम बदलली का डब्बा बदला लागते. गरम होते ना."

"मंग खर्च नाही झाला म्हणून राहिले ते?"

"मायापाशी जुना पडेल होता."

"जुना? हा तं नवाकोरा दिसते."

"पुसला."

नितेशने मान हलवली आणि फडकं घेऊन शेजारचं कपाट जोरजोरात पुसायला घेतलं. कपाट नवं होत नव्हतं.

पण इतरांचं समाधान लवकर झालं. शिक्षक एकेक करून पाहून गेले. खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध कशी आली, दोन कामं पडद्यावर शेजारी-शेजारी कशी मांडता येतात, हे तायडे बाबूंनी दाखवलं. प्रत्येक जण जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारत होता आणि प्रत्येक थापेसरशी ते थोडे खाली वाकत होते. शकुनच्या पत्रिका कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी पडद्यावरची सगळी चित्रं लपवून टाकली. तेवढं त्यांना येत होतं. व्हॉट्सअ‍ॅप मात्र चित्र लपवलं तरी आतून सुरूच असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे सतरंजीवर विद्यार्थी, मागे खुर्च्यांवर गावातली माणसं, माजी विद्यार्थी, एका बाजूला बायका. मॅडमनी आकाशी रंगाची साडी नेसली होती. स्टेजच्या कोपऱ्यात टेबलावर शकुनचा काळा डब्बा, त्यातून एक वायर प्रोजेक्टरला गेलेली आणि दुसरी मोठ्या भोंग्यांना, कारण फोटोंमागे सनई वाजवायची होती.

सुरुवातीलाच पुंजारामजींनी तायडे बाबूंना शाल घातली, नारळ दिला.

"आजकाल काई बिघडलं का नवा घ्या म्हणतात," ते माईकवर म्हणाले. "या माणसानं जुन्यातच नवं बसवलं. संस्थेचा एक रुपया लागला नाही."

टाळ्या झाल्या. तायडे बाबूंनी हात जोडले. कान गरम झाले होते. शाल लोकरीची होती, ते कारण त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

मग दिवे मंद झाले, सनई सुरू झाली आणि भिंतीवर फोटो येऊ लागले. तरुण सुभद्रा मॅडम सायकल धरून उभ्या. मॅडम झाड लावताना. मॅडम सहलीत, मुलींच्या घोळक्यात. बायकांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसत होतं. तेवढ्यात मोठ्या भोंग्यांतून 'टुण' असा आवाज झाला आणि भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट वर आली.

आरती: शाळेचा? कोन्त्या शाळेचा?

आरती म्हणजे शकुनची धाकटी बहीण, अकोल्याला दिलेली. हे सभागृहात फक्त तायडे बाबूंना माहीत होतं. बाकीच्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. पुंजारामजींना लांबचं दिसत नसे. त्यांनी पुढच्या ओळीतल्या एका मुलीला विचारलं, "काय लिवलं हाय?" तिने खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"हीच शाळा, बाप्पा," पुंजारामजी म्हणाले. "दुसरी कोन्ती?"

पुन्हा 'टुण'. मॅडम प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन करत होत्या आणि त्यांच्या पायापाशी लिहिलेलं होतं: म्हणजे तुया कम्प्युटर दर्यापूरले गेला अन् त्यायचा भंगार तुया घरी?

ती मुलगी आता न सांगता वाचत होती.

घरी काय झालं असेल ते तायडे बाबूंना एका क्षणात कळलं. शकुनने जुन्या यंत्रावर पत्रिका उघडली असणार, तिच्या अक्षरांचे फॉन्ट त्यावर नसल्यामुळे वधूवरांच्या नावांच्या जागी चौकोन आले असणार, अक्षरं शोधता शोधता तिला शाळेचं नाव दिसलं असणार. आणि ती फोनवरून बहिणीला सगळं लिहीत होती. शकुन जे लिहीत होती ते पडद्यावर येत नव्हतं. बहिणीची उत्तरं मात्र तिच्या कम्प्युटरवर, म्हणजे दर्यापूरच्या भिंतीवर, येत होती.

'टुण'. सर्व्हिसिंग म्हणले? हे तं हद्दच झाली.

'टुण'. चोरी नको म्हणू बाई. शेवटी नवरा हाय.

बायकांच्या बाजूला पहिलं हसू फुटलं. तायडे बाबू टेबलाकडे धावले. त्या चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक फुली असते, ती दाबली की ती जाते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण शालीच्या दशा माउसमध्ये गुंतल्या, हात सरकला आणि फुलीऐवजी चौकटच दाबली गेली. फोटो गेले. भिंतभर दोघी बहिणींचं सगळं बोलणं उघडलं, एका बाजूला आरतीचं आणि दुसऱ्या बाजूला, हिरव्या चौकोनांत, शकुनचं.

आता वाचून दाखवायची गरज उरली नव्हती. सभागृह मनातल्या मनात वाचत होतं. पण त्या मुलीला कोणी थांब म्हटलं नव्हतं. तिने शेवटचा हिरवा चौकोन मोठ्याने वाचला.

"त्यायनं तोंडानं सांगतलं असतं तं म्याच नेऊन देला असता. मायापाशी खोटं बोलाची काय गरज होती?"

हसणं थांबलं. तायडे बाबूंना वाटलं, हसत होते तेच बरं होतं.

पडद्यावर खाली आरतीचा बोललेला एक निरोप होता. घाईत सगळं बंद करण्याच्या नादात त्यांचं बोट नेमकं त्यावर पडलं आणि अकोल्याची मेहुणी भोंग्यांतून बोलू लागली.

"हे पाय शकुन, तू रडू नको. भाऊजी मनानं वाईट नाहीत. त्यायले फक्त 'मले येत नाही' असं म्हणता येत नाही. आमच्या घरी आले तवा नाही का, कुकरचं झाकण अडकलं तं म्हणे सरका, मी उघडून दाखोतो. अजून वरणाचे डाग हायेत छताले. सासूबाई रोज वर पाहून तुमच्या घरचं नाव घेतात..."

तायडे बाबूंनी भिंतीतला प्लग उपटला.

अंधार झाला. कोणीतरी दिवे लावले. तायडे बाबू हातात प्लग धरून उभे होते. खांद्यावर शाल होती. पळून जायचं तर स्टेजला एकच जिना होता आणि त्यावर मुलं बसली होती.

"बाबू," सुभद्रा मॅडम जागेवरूनच, शांतपणे म्हणाल्या, "फोटो राहिले ना. लावा परत."

त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं. भिंतीवर एक गोल फिरू लागला आणि त्याखाली अक्षरं आली: नव्या सुधारणा बसवत आहोत. कम्प्युटर बंद करू नका. खालचा टक्का इतक्या सावकाश पुढे सरकत होता की तो सरकतो आहे की नाही याबद्दल मागच्या खुर्च्यांवर मतभेद झाले.

"याले किती टाइम लागते?" पुंजारामजींनी विचारलं.

"ते त्याच्या मनावर असते, साहेब."

"मंग तवरिक बोला काईतरी. लोक बसून हायेत." आणि पुंजारामजींनी माईक त्यांच्या हातात दिला.

तायडे बाबूंनी माईककडे पाहिलं. मागे गोल फिरत होता. पुढे अख्खं गाव होतं.

"ते..." ते म्हणाले, आणि थांबले. "हा कम्प्युटर शाळेचा नाही. माया घरचा हाय. म्हणजे माया बी नाही, माया मिसेसचा हाय. शाळेच्या कम्प्युटरमध्ये अकरा नंबर बसत नाही. त्याच्यात ते चिप लागते, ते नाही. मले जमलं नाही. मॅडमले सांगाले गेलो होतो, पण सांगतलं नाही. घरी बी नाही सांगतलं." ते पुन्हा थांबले. "शाल परत देतो मी."

ते शाल काढू लागले, पण दशा आता माईकच्या वायरीत अडकल्या होत्या. ती धडपड चालू असतानाच मागचा टक्का पूर्ण झाला. भिंतीवर निळं आकाश आलं आणि त्याच्या मधोमध, गोल चौकटीत, माणसाच्या उंचीएवढा शकुनचा हसरा फोटो. खाली नाव: शकुन तायडे. त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट.

"ह्या कोण?" पुंजारामजींनी विचारलं.

"याच," तायडे बाबू म्हणाले. "माया मिसेस."

पुंजारामजींनी फोटोकडे पाहिलं, डब्ब्याकडे पाहिलं, मग सभेकडे. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. नवा कम्प्युटर घ्यावा लागणार हे ऐकल्यापासून त्यांचा चेहरा पडला होता, तो आता हळूहळू वर आला. त्यांनी माईक हातात घेतला.

"आपले बाबू लाजून राहिले," ते म्हणाले. "देणारा माणूस असाच लाजते. सीधं सांगा ना राजा. आपल्या मिसेसचा नवाकोरा कम्प्युटर या माणसानं, मॅडमच्या निरोपानिमित्त, शाळेले भेट देला हाय."

"नाही साहेब, ते..." तायडे बाबू म्हणाले. पण माईक त्यांच्याकडे नव्हता.

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांचाच जीव अवघडला होता आणि सगळ्यांनाच काहीतरी चांगलं झालेलं हवं होतं. मागचे लोक उभे राहिले. टाळ्या मोठ्या होत गेल्या तसतसं 'हा परत न्यायचा आहे' हे वाक्य तायडे बाबूंच्या घशात खाली खाली गेलं. फोटो काही पुन्हा लागले नाहीत. त्यांनी घाईघाईत दिलेला पासवर्डचा आकडा कम्प्युटरने तीनदा नाकारला.

कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना, मॅडम त्यांच्याजवळ आल्या. हातात हारांची पिशवी होती.

"अहवालातलं वाक्य मी तसंच ठेवलं," त्या म्हणाल्या. "शाळेचा कोणताही खर्च न करता, असंच लिवलं होतं ना. खरं निघालं ते."

तायडे बाबूंनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.

"त्या दिवशी तुमी केबिनमध्ये आले तवा मले वाटलं होतं, बाबूले काईतरी सांगाचं हाय. पण मीच माया अहवाल वाचत बसली." मॅडमनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "शकुनताईले माया नमस्कार सांगा."

रागावल्या असत्या तर तायडे बाबूंना उत्तर देता आलं असतं. परतीच्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली, मांडी रिकामी होती, आणि तरी सगळा रस्ता अवघडल्यासारखा गेला.

घरी शकुन स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. पुढच्या खोलीत शाळेचा पांढरा डब्बा बंद पडून होता.

"आले?"

"हाव." त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला. "पत्रिकेचं काय झालं?"

"त्या झेरॉक्सवाल्या अश्विनच्या दुकानात बसून केली. त्याचं गिऱ्हाईक उठलं का मी, मी उठली का त्याचं गिऱ्हाईक." सुरी थांबली नाही. "झाला कार्यक्रम?"

"झाला." तायडे बाबू दारातच उभे राहिले. "शकुन, ते सर्व्हिसिंगले नोतं नेलं."

"माहीत हाय."

"अन् आरतीचे मेसेज तिथी भिंतीवर आले. तू लिवलं ते बी."

आता सुरी थांबली. "कोणी वाचलं?"

"सगळ्यायनं."

"तिचं बोलणं बी?"

"कुकरपर्यंत. मंग मी प्लग काढला."

शकुनच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो पुन्हा जागेवर आणला. तायडे बाबूंनी उरलेलंही सांगून टाकलं. पुंजारामजींनी काय जाहीर केलं, टाळ्या कशा पडल्या, लोक कसे उभे राहिले. "म्या देला नाही. देला गेला," ते म्हणाले. "मले मधात बोलता आलं नाही. मायं चुकलं."

हे शेवटचे दोन शब्द ते इतक्या हळू बोलले की शकुनने फोडणीखालचा गॅस बारीक केला.

"काय म्हणले?"

"मायं चुकलं म्हणलं."

शकुनने कांदा फोडणीत टाकला. तिचे डोळे ओले होते, पण ते कांद्याने की कशाने हे विचारायचा हक्क आपल्याला आज नाही, असं तायडे बाबूंना वाटलं.

"देला तं देला," ती शेवटी म्हणाली. "लेकरायच्या शाळेतून आता परत आणाले जाऊ काय? तो नारळ फोडा. भाजीत टाकते."

दुसऱ्या दिवशी ती नवा कम्प्युटर घ्यायला गेली, तायडे बाबूंच्या पगारातून. त्यांनाही बरोबर नेलं, पण दुकानाच्या पायरीपर्यंतच. आत दुकानदार प्रोसेसर, चिप, जागा वगैरे समजावून सांगत होता आणि शकुन एकेक गोष्ट विचारून घेत होती. "हे मले समजलं नाही, परत सांगा," असं ती सहज म्हणत होती. तायडे बाबू बाहेरून ऐकत होते. त्या वाक्याने दुकानदाराने तिला हाकलून दिलं नाही, उलट खुर्ची दिली.

सोमवारी ते ऑफिसात आले तेव्हा पगारबिलासाठी चार शिक्षक टेबलाभोवती उभे होते. नितेश फडकं घेऊन कोपऱ्यात होता. तायडे बाबूंनी भेट मिळालेला कम्प्युटर सुरू केला. निळं आकाश आलं, शकुनचा फोटो आला. त्यांनी आकडा टाकला. कम्प्युटर म्हणाला, हा आकडा आता चालत नाही, हे खातं ज्यांचं आहे त्यांच्या फोनवर परवानगी मागितली आहे.

घरी फोन लावण्यावाचून इलाज नव्हता. आवाज नीट येत नव्हता म्हणून फोनचा स्पीकर लावावा लागला.

"शकुन, तुया फोनवर काई आलं काय?"

"आलं हाय. कोणीतरी माया कम्प्युटर उघडून राहिलं म्हणते. तुमी हाय का म्हणून इचारते."

"मीच हाय. हो म्हण."

"तुमी कोण?"

शिक्षकांपैकी एक खिडकीबाहेर पाहू लागला.

"मी कुलदीप."

"कायले उघडून राहिले?"

"पगारबिल करा लागते. लोक उभे हायेत. तू येऊन तुयं खातं काढून दे ना याच्यातून, म्हणजे रोज इचारा लागणार नाही."

"येईन ना. लग्नसराई संपली का येईन." पलीकडे कुकरची शिटी झाली. ती पूर्ण होईपर्यंत शकुन थांबली. "तवरिक इचारत जा. इचारल्यानं काई कमी होत नाही माणसाचं. बरं, कोणाचा कम्प्युटर उघडाचा हाय?"

तायडे बाबूंनी भोवती पाहिलं. चौघेही शिक्षक अचानक आपापल्या हातातले कागद वाचू लागले होते. नितेशचं फडकं थांबलं होतं.

"तुया," ते म्हणाले.

कम्प्युटर उघडला.